उभा धागा, आडवा धागा

तयार कुर्ता माझ्या अंगाला नीट बसत नाही. छातीला बरोबर घेतला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते, खांद्याला बरोबर घेतला तर बगलेत काचतो. वर्षानुवर्षं मी नवे कुर्ते आणून लगेच टेलरकडं टाकत आले. बाजू उसवायच्या, खांदे आत घ्यायचे, बाही पुन्हा बसवायची. एवढं सगळं करूनही समाधान नाही, कारण मुळातला कट दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचा असतो. म्हणून नोकरी सांभाळून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका शिवणक्लासाच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये नाव घातलं. त्याआधी मशीनला कधी हात लावला नव्हता. सुईनं बटण लावणं आणि साडीला फॉल लावणं, इतकीच माझी शिवणकला.

क्लास म्हणजे घराच्या तळमजल्यावरची लांब खोली. भिंतीला लागून पायडलची काळी मशिनं, खिडकीखाली मोटारवर चालणारी दोन मोठी मशिनं. त्यांना सगळे सरसकट ‘जुकी’ म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. मधोमध कटिंगचं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट ताणून बसवलेलं, म्हणजे कापड घसरत नाही. भिंतीवर संत नामदेवांची तसबीर. क्लास घेणाऱ्या ताईंचं माहेरही शिंप्याचं आणि सासरही, त्यामुळे बॅच सुरू होण्याआधी तसबिरीसमोर उदबत्ती लागते. ताई साठीच्या पुढच्या आहेत, गळ्यात टेप कायम, आणि बोलणं अगदी मोजकं.

सुरुवातीला त्यांनी कापडाला हातच लावू दिला नाही. वहीतला रेघी कागद दिला, मशीनला सुई होती, दोरा नव्हता. पायडल मारत सुईची भोकं बरोबर रेघेवर पाडायची. सरळ रेघा जमल्या की चौकोनाच्या आत चौकोन, मग आत आत वळत जाणारं वर्तुळ. कोपऱ्यावर आलं की सुई कागदात रुतलेली ठेवायची, फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचा, कागद फिरवायचा, फूट पुन्हा खाली. ही सवय आज कॉलरच्या टोकाला आणि खिशाच्या कोपऱ्याला उपयोगी पडते. पायडलवर एक पाऊल थोडं पुढं, एक मागं. सुरुवातीला हातानं चाक आपल्याकडं फिरवायचं आणि पायांनी ती गती धरायची. चाक उलटं गेलं की दोरा तुटतो, म्हणून बिनदोऱ्याचा हा सराव. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून दुसरीचं कटिंग तपासत असायच्या आणि तिथूनच म्हणायच्या, “आवाज ऐक की. सारखा यायला पाहिजे.” खरंच, पाय लयीत आले की मशीनचा खडखडाट एकसारखा होतो आणि भोकंही एकसारखी पडतात.

मग दोरा आला. तो ओवायला शिकवण्याआधी ताईंनी मशीनची खालची सरकती पट्टी उघडली, चाक हातानं अगदी सावकाश फिरवलं आणि टाका कसा होतो ते दाखवलं. मला या क्लासमधला सगळ्यात आवडलेला धडा हाच. हाताच्या सुईचं नाक मागं असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सुई वरचा दोरा घेऊन कापडाच्या खाली जाते. वर परतायला लागली की तो दोरा क्षणभर सैल पडतो आणि त्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या आकड्याचं टोक नेमकं त्याच वेळी येऊन तो फास पकडतं आणि अख्ख्या बॉबिन केसभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीभोवती फिरवून आणतं. वरची दांडी दोरा खेचून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधे जाऊन बसते. टोकाशी नाक असलेली सुई आणि शटल यांचा मेळ घालणारं पेटंट एलायस हाउ यांनी १८४६ मध्ये घेतलं, आयझॅक सिंगर यांचं १८५१चं. सुमारे पावणेदोनशे वर्षं झाली, तरी राजारामपुरीतल्या या मशीनमध्ये तत्त्व तेच आहे. यंत्रांच्या आहारी जाण्याला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला त्यातून वगळलं होतं. मोजक्या उपयोगी शोधांपैकी हा एक, असं ते म्हणाले होते. उघड्या पट्टीतून तो फास शटलवर चढताना पाहिला तेव्हा मला त्यांचं म्हणणं अगदी पटलं.

टाका कसा होतो हे कळल्यामुळे मशीनच्या तक्रारीही कळायला लागल्या. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे वेटोळे दिसले की नवशिका माणूस बॉबिन काढून बघत बसतो. पण खाली गुंता असेल तर बहुतेक वेळा दोष वरचा असतो. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो, म्हणून शटलनं खाली नेलेला फास पुरता वर खेचला जात नाही. फूट वर उचलून दोरा ओवला की चकत्या उघड्या असतात, दोरा त्यांच्यात खोल बसतो. टाके सुटायला लागले तर सुई बघायची. काळ्या मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते, ती शटलच्या बाजूला यायला हवी. जुकीची सुई पूर्ण गोल, तिला चपटी बाजूच नाही, म्हणून तिच्या लांब खाचेवरून अंदाज घ्यावा लागतो. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, रुबिया किंवा मलमलला ११, जीन्सला १८. टाक्याची लांबी इंचाला १० ते १२ टाके. हे आकडे आता माझ्या बोटांना पाठ झालेत.

कापडाचा पहिला धडा शिवायचा नव्हताच. ताईंनी प्रत्येकीला मांजरपाटाचा एक चौकोनी तुकडा दिला आणि तीन दिशांना ओढून बघायला सांगितलं. किनारीला समांतर ओढलं तर जवळजवळ हलत नाही, तो उभा धागा. पन्ह्याच्या दिशेनं ओढलं तर थोडंसं ताणतं, तो आडवा. कोनातून कोनाकडे, म्हणजे ४५ अंशात ओढलं की तेच कडक मांजरपाट लवचिक होऊन लांबतं. याला उरेब म्हणतात. “आता पुढचं सगळं यातनंच निघतं,” असं म्हणून ताई दुसऱ्या टेबलाकडं गेल्या. त्यांचं ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कारण नंतरचे महिने मी त्याचीच प्रचिती घेत होते. कुर्त्याची उंची उभ्या धाग्यावर का घ्यायची, नाहीतर धुतल्यावर अंगावर पीळ का पडतो. गळ्याची पट्टी उरेबच का लागते. परकराचा घेर एका बाजूनं का लोंबतो. सगळ्याची उत्तरं त्या चौकोनात होती.

सरावाचं कापड आम्ही गांधीनगरच्या बाजारातून आणायचो. कोल्हापूरकरांना हा घाऊक कापडबाजार सांगायला नको. इचलकरंजीची पॉपलीन, केंब्रिक, अस्तराचं कापड, दोऱ्यांची रिळं, हूक, इलॅस्टिक, सगळं तिथं. आणलेलं सुती कापड आधी पाण्यात बुडवून ठेवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कातर लावायची. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं आटून सगळा कपडा चुरमुडतो. दुकानात फाडून दिलेलं कापडही पुष्कळदा तिरकं झालेलं असतं. त्याचा कोपरा धरून उलट्या बाजूनं ओढून धागे काटकोनात आणायचे. या तयारीतच अख्खी संध्याकाळ जायची, आणि ती तशी जावी असंच माझं मत आहे. फॅशनच्या नावाखाली चालणारे झटपट कोर्स ही पायरी गाळतात, आणि त्यांतून बाहेर पडलेल्या मुलींना कपडा का बिघडला हेच कळत नाही.

उशीचा अभ्रा, बाजाराची पिशवी, झबलं आणि टोपडं हे भराभर झालं. त्यांतून सरळ टीप, दुमड, दुहेरी टीप, चुण्या आणि नेफा हे हातात आलं. झबल्यात आणखी एक गोष्ट कळली. बाळाच्या कातडीला टोचेल असं आत काहीही राहू द्यायचं नाही. म्हणून तिथं उलटी टीप मारून माया (शिवणीपलीकडं सोडलेलं जादा कापड) बारीक कापून पुन्हा सुलटी टीप, म्हणजे कापडाची कड शिवणीच्या आत बंद. टोपड्याच्या चुण्यांसाठी दोन टिपा सैल टाक्याच्या मारायच्या आणि खालचे दोरे ओढायचे. एकाच टिपेवर चुण्या ओढल्या तर त्या एका जागी गोळा होतात.

परकर मात्र सविस्तर सांगायला हवा. सहा कळ्यांचा परकर सगळ्या बायका वापरतात, पण तो असा का असतो याचा विचार मी कधी केला नव्हता. सरळ कापड गुंडाळलं तर पावलाशी घेर मिळत नाही, आणि घेरासाठी जास्त कापड घेतलं तर ते सगळं कमरेला गोळा होऊन साडी फुगते. म्हणून कळी: वर अरुंद, खाली रुंद. कापड टेबलावर पसरून एकीचं डोकं वर, दुसरीचं खाली असं उलटसुलट आखलं की मधल्या तिरक्या रेघेवर दोन कळ्या एकाच कापात सुटतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. हा हिशेब कुणी पहिल्यांदा केला असेल त्याला माझा नमस्कार आहे.

अशी कापली की प्रत्येक कळीची एक कड सरळ, उभ्या धाग्यावर, आणि दुसरी तिरकी. जोडताना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला लावायची. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर दोन्ही लांबत जातात, महिन्याभरात ती शिवण खाली लोंबते आणि परकराचा काठ लाटांसारखा होतो. सरळ कड शेजारी असली की ती तिरकीला धरून ठेवते. पण मग जोडताना तिरकी कड ताणून लांब होते आणि शेवटी इंचभर कापड उरतं. त्यावर ताईंनी जे सांगितलं ते मी पुढं प्रत्येक कपड्यात वापरलं: जे सैल, ते खाली. मशीनचे दाते खालचा थर स्वतः आत ओढतात, वरचा थर फुटाखाली मागं मागं राहतो. म्हणून तिरकी कड खाली ठेवली की दातेच तिचा सैलपणा जिरवतात. दोन्ही हातांनी फक्त कडा जुळवत राहायचं, ओढायचं नाही. आमच्या बॅचमधल्या एका काकूंना कापड पाठीमागून ओढायची सवय होती. त्यांना ताई सांगायच्या, “काकू, मशीनला नेऊ दे की. तुम्ही नुसती वाट दाखवा.” पाठीमागून ओढलं की सुई वाकते, दातपट्टीवर आपटते आणि मोडते, हे त्यांनी पटवूनही दिलं.

सहाही कळ्या जोडल्यावर परकर रात्रभर खुंटीला टांगून ठेवायचा आणि मगच खालची दुमड घालायची. तिरकं कापड आपल्या वजनानं जेवढं उतरायचं तेवढं रात्रीत उतरतं. सकाळी खालची कड जमिनीपासून मोजून सारखी करायची. बाजारातल्या स्वस्त परकरात हे कुणी करत नाही, म्हणून ते चार धुण्यांत एका बाजूनं लांब होतात.

उरेबेचा दुसरा उपयोग गळ्याला. गोल गळा कापला की त्याची कड अर्धी उभी, अर्धी तिरकी अशी असते. नुसती दुमडली तर ती बसत नाही, कारण आतल्या मायेचा वेढा शिवणीच्या वेढ्यापेक्षा लहान असतो आणि उलटल्यावर त्याला पसरायला जागा लागते. म्हणून मायेला थोड्या थोड्या अंतरावर शिवणीच्या अलीकडे दोन धागे राहतील इतपत कातरे द्यायचे. पीटर पॅन कॉलरच्या बाहेरच्या गोलाला नेमकं उलटं. तिथं उलटल्यावर आत कापड जास्त होतं, म्हणून त्रिकोणी चिमटे कापून काढायचे. गळ्याची पट्टी ४५ अंशात कापलेली, सव्वा इंच रुंद. ती लावताना गोलावर अगदी हलकी ताणायची, सरळ भागावर नाही. टीप झाल्यावर माया पट्टीकडे दाबून कडेला आणखी एक टीप मारली की पट्टी बाहेर डोकावत नाही. आणि प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. ताई म्हणतात निम्मी शिलाई इस्त्रीची असते. मला ती निम्म्याहून जास्त वाटते. इस्त्रीनं टाका कापडात बसतो, शिवण सपाट होते, आणि पुढची टीप कुठं मारायची ते दिसतं.

यानंतर ड्राफ्टिंग. खाकी कागद, स्केल, पेन्सिल आणि माप. माप घेणं हा स्वतंत्र धडा होता. टेप ओढायचा नाही आणि सैलही सोडायचा नाही, आत दोन बोटं सरकली पाहिजेत. ज्याचं माप घेतो तो माणूस टेप लागला की श्वास रोखतो, पोट आत घेतो. ताई त्यामुळे माप घेताना गप्पा मारतात. पोरं काय करतात, भाजी काय केली, असं काहीतरी. माणूस बोलायला लागला की नेहमीसारखा उभा राहतो आणि खरं माप मिळतं. उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडायचा गोल), बाहीची उंची, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, खांद्यापासून टक्सपर्यंतचं अंतर. एवढ्या ओळी वहीत भरल्या की त्या बाईचं अंग कागदावर येतं.

ब्लाऊजचं गणित आमच्या क्लासमध्ये असं होतं: छाती ३६ असेल तर मागच्या भागाला तिचा चौथा भाग, म्हणजे ९ इंच. पुढच्या भागाला त्यात थोडी ढिलाई, आणि दोन्हींना बाजूला दीड इंच माया. मुंढ्याची खोली छातीचा सहावा भाग अधिक एक, म्हणजे ७. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल कोरायचा, कारण हात पुढं येतात. प्रत्येक टेलरचं सूत्र थोडं वेगळं असतं. पण सूत्र म्हणजे फक्त सुरुवात, शेवट अंगावरच्या ट्रायलला होतो.

चार टक्सचा ब्लाऊज शिकताना मी शाळेतल्या भूमितीकडे पुन्हा आदरानं पाहिलं. कापड सपाट असतं, शरीर नसतं. सपाट कागदातून त्रिकोणी पाचर काढून कडा जुळवल्या की कागद उठून येतो. टक्स म्हणजे तीच पाचर. एक कमरेकडून, एक बाजूनं, एक मुंढ्याकडून, एक मधल्या पट्टीकडून, चारही एका बिंदूकडे बघणाऱ्या. पण बिंदूपर्यंत न्यायच्या नाहीत, साधारण इंचभर आधी संपवायच्या, नाहीतर तिथं टोक येतं. संपवताना टीप हळूहळू कापडाच्या घडीवर उतरत जायची आणि शेवटी मशीन उलटं न मारता दोरे हातानं बांधायचे. चारपैकी कुठल्या पाचरेतून किती कापड काढायचं, यावर ब्लाऊज बसणार की नाही ते ठरतं.

मग बाही. बाहीच्या वरच्या गोलाचं माप मुंढ्यापेक्षा थोडं जास्त असतं, ते जास्तीचं कापड चुणी न पडता खांद्यावर जिरवायचं असतं. इथं परकराचा नियम परत आला: जे सैल ते खाली. बाही खाली, ब्लाऊज वर, आणि दात्यांना त्यांचं काम करू द्यायचं. बाहीलाही पुढची बाजू जास्त कोरलेली असते. ती ओळखू यावी म्हणून पुढं एक कातरा, मागं दोन. उजवी-डावी बदलली तर बाहीवर तिरके ताण दिसतात, हात वर केला की सगळा ब्लाऊज वर चढतो. दुकानातल्या कितीतरी ब्लाऊजांचा हाच रोग आहे हे आता बसमध्ये समोर उभ्या बाईच्या पाठीकडे पाहूनही कळतं.

ज्या कारणासाठी मी क्लासला गेले ती खांद्याची गोष्ट आमच्या शेजारच्या काकूंच्या ब्लाऊजवर उलगडली. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. आयुष्यभर त्यांच्या ब्लाऊजची उजवी पट्टी खांद्यावरून घसरत आली आणि दर वेळी टेलरनं गळा लहान करून दिला. ताईंनी मला त्यांना क्लासवर घेऊन यायला सांगितलं. पाठीवर कपाळपट्टीसारखी आडवी नाडी धरली, दोन्ही खांद्यांची टोकं तिच्यापासून मोजली, फरक अर्धा इंच. मग कागदावर फक्त उजव्या बाजूचं खांद्याचं टोक अर्धा इंच खाली आणि त्याच मापानं मुंढ्याचा तळही अर्धा इंच खाली. मुंढा खाली घेतला नाही तर बगलेत काचतं. मांजरपाटाचा नमुना शिवून काकूंना घालून बघितला, मग खणाच्या कापडाला कातर लावली. गुळेदगुड्डचा खण, अरुंद पन्ह्याचा, चुकीला जागा नसलेला. काकूंनी तो ब्लाऊज घालून दोन्ही हात वर केले, खाली आणले, पुन्हा वर केले, आणि पट्टी जागच्या जागी राहिली. माझाही खांदा अरुंद आहे, दोष अंगाचा नसून कटचा होता, हे त्यांच्या ब्लाऊजमुळे मला कागदावर दिसलं. नंतरच्या माझ्या कुर्त्यात खांदा साडेतेराचा आणि छाती माझ्या मापाची. दोन्ही एकत्र असू शकतात.

बॅचमध्ये सगळ्या आपापल्या कारणानं आलेल्या. उचगावची एक मुलगी घरून ब्लाऊज शिवायचा व्यवसाय करते, तिला कटोरी आणि प्रिन्सेस कट पक्का करायचा होता. केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि पुढं कमी व्याजाचं कर्ज मिळतं. ती त्यासाठी कागदपत्रं जमवत होती. एसटीतून निवृत्त झालेले एक काका नातवंडांचे कपडे शिवायला आले होते, आणि काज करण्यात त्यांचा हात आम्हां सगळ्यांपेक्षा बारीक. ज्यांना सरकारी प्रमाणपत्र हवं त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये एक वर्षाचा शिवणाचा अभ्यासक्रम आहे, आणि ताई स्वतः होतकरू मुलींना तिकडं पाठवतात.

मला एक गोष्ट मनापासून खटकते. चार टक्सचा, अस्तराचा, हूक-आळे हातानं केलेला ब्लाऊज शिवायला सरावलेल्या बाईलाही काही तास लागतात. त्यात मापाचं गणित आहे, कापडाची जाण आहे, डोळ्यांची आणि पाठीची झीज आहे. आणि आपण घासाघीस करतो ती नेमकी शिलाईच्या दरात. साडीच्या दुकानात हजारो रुपये न बोलता देणारी माणसं ब्लाऊजच्या शिलाईत पन्नास रुपये कमी करायला सांगतात. मी स्वतः एक ब्लाऊज पहिल्या रेघेपासून शेवटच्या हुकापर्यंत शिवल्यापासून कुठल्याही टेलरशी शिलाईवरून बोलत नाही.

आता घरी मशीन घ्यायचं ठरलंय. ताईंचा सल्ला जुनं काळं पायडलचं घ्यायचा, कारण त्याचे भाग गल्लीतल्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि एक मोटार बसवली की ते विजेवरही चालतं. घेताना बघायचं ते असं: चाक हातानं फिरवून कुठं अडतंय का, सुईची दांडी हलवून ढिली आहे का, शटलच्या टोकाला नखानं चाचपून खरखर लागतेय का, दाते झिजून गुळगुळीत झालेत का. मग दोन थर पॉपलीन घेऊन इंचाला १२ टाक्यांची लांब टीप मारून उलटसुलट बघायची. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात एक मशीन मी असंच तपासून आले आहे. शटल नवीन घालावं लागेल, बाकी चांगलं आहे, आणि शनिवारी ताई स्वतः येऊन चाक फिरवून बघणार आहेत.